छत्तीस नंबरची उजवी बाजू

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी, कारण आजपासून आयुष्याला दिशा. किट आणलं. रेसिंगची स्टॉक कार, खऱ्या गाडीच्या चोवीस पट लहान. डब्यावर छापलंय : अनुभवी हातांसाठी. दुकानदाराने विचारलं, आधी काही बनवलंय का. मी म्हटलं, इंजिनिअरिंगला होतो. होतो म्हणजे काय, असं त्याने विचारलं. काही लोकांना दुसऱ्याच्या भूतकाळात नाक खुपसल्याशिवाय माल विकताच येत नाही. वर त्याने एक सोपं किट पुढे केलं, लाल रंगाचं, उघडणाऱ्या दरवाजांचं. मी त्याला ऐकवलं की स्टॉक कारचे दरवाजे उघडतच नाहीत, वेल्ड करून बंद केलेले असतात, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. त्याने ते किट परत फळीवर ठेवलं. ज्ञान म्हणतात ते हे. (परवापर्यंत मलाही माहीत नव्हतं. तिने सांगितलं.)

तीच तारीख, दुपार

तिच्याबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वेळ जाणार नाही.

रविवारी मातीच्या ट्रॅकवर रेस बघायला गेलो होतो. गेटवरच्या माणसाशी वाजलं. चूक त्याची. तावातावाने मागे सरकलो तो पाय थेट रंगाच्या डब्यात. डबा तिचा. ती एका गाडीच्या दरवाजावर आकडा रंगवत बसली होती. ३६. पट्टी नाही, स्टेन्सिल नाही, नुसता ब्रश, आणि श्वास रोखून धरलेला. वर न बघता म्हणाली, पाय काढ.

माझ्याशी इतकं आपुलकीने आजवर कुणी बोललं नव्हतं.

साइनबोर्ड रंगवणारे पेंटरकाका आहेत, त्यांच्याकडे ती काम करते. ट्रॅकवर सगळे तिला नंबरवाली म्हणतात. बूट पुसता पुसता मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. तिने त्यातल्या एकाचं उत्तर दिलं. तेच ते दरवाजांचं.

योजना : तीच ३६ नंबरची गाडी हुबेहूब बनवायची आणि तिला द्यायची. दोन आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी. ताईला सांगितलं. ती म्हणाली, सुरुवातच छत्तीसच्या आकड्याने? ताईला प्रेमातलं काही कळत नाही. ती ऑडिटला आहे.

५ फेब्रुवारी

नियम ठरवले. घाई करायची नाही. चिडायचं नाही. एक भाग चिकटवला की तो वाळेपर्यंत दुसऱ्याला हात नाही. कागद भिंतीवर लावला. बाबांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले की हाच कागद कॉलेजात जाताना लावला असता तर. वाक्य पूर्ण केलं नाही. बाबांची अर्धी वाक्यं पूर्ण वाक्यांपेक्षा जास्त लागतात.

कॉलेजबद्दलही एकदाच लिहून टाकतो. सरांनी ड्रॉइंगची शीट पुन्हा काढून आणायला सांगितली. मी ती त्यांच्यासमोर फाडली. मग म्हटलं, आता इथे राहण्यात स्वाभिमान नाही. कॉलेजने अडवायला हवं होतं. अडवलं नाही. त्यांचं नुकसान.

६ फेब्रुवारी

चासी भिंतीवर फेकली. मागचा ॲक्सल बसतच नव्हता. चूक छापणाऱ्याची, चित्रात बाण उलटा दिसतो. नियमांचा कागदही काढला, कारण चासी नेमकी त्यालाच लागली आणि तो फाटला.

संध्याकाळी ॲक्सल जोडला. इन्स्टंट ग्लूने माझा अंगठाही जोडला गेला. आईने कोमट पाण्यात सोडवला. म्हणाली, लहानपणी तुझ्या नाकातली बी काढली होती, तेव्हाच मला वाटलं होतं की आता संपलं.

९ फेब्रुवारी

काल पुन्हा ट्रॅकवर. खऱ्या ३६ चे फोटो काढले, मॉडेलसाठी. ती तिथेच होती. मी तिला सांगितलं की मी एक प्रोजेक्ट करतोय. तिने विचारलं, कॉलेजचा? मी म्हटलं, त्याच्या पुढचा. ती म्हणाली, फोटो काढताना सावली पाडू नकोस, माझा हात दिसत नाही.

म्हणजे मी जवळ उभा राहिलेला तिला जाणवतो.

फोटो घरी येऊन बघितले. सत्तावीसपैकी एकवीस फोटो तिच्या कोपराचे आहेत. गाडीच्या मागच्या भागाचा एकही नाही. तो भाग अंदाजाने करतो. मागून कोण बघतं?

११ फेब्रुवारी

समोरची काच बसवली. जवळ इन्स्टंट ग्लूच होता, तोच लावला. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी धुरकट झाली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पारदर्शक भागाला तो लावायचा नसतो, डब्यावर लाल अक्षरांत लिहिलंय. मी म्हटलं, लाल अक्षरं तुम्ही वाचून दाखवायला हवी होती. त्याने फोन ठेवला. धंदा असा करतात होय?

विचार केल्यावर वाटतं की छान झालं. पहाटेची रेस आहे, धुकं आहे. वातावरणनिर्मिती.

चार चाकांपैकी तीन टेबलाला टेकतात. हेही खरंच आहे, वळणावर गाडीचं एक चाक उचललेलंच असतं.

१२ फेब्रुवारी

मामा आला. त्याचं टायरचं दुकान. गाडी हातात घेऊन उलटीसुलटी केली, चौथं चाक बोटाने फिरवलं आणि खाली ठेवली. मग बाबांशी गॅलरीत बराच वेळ कुजबुज. मग बाबांचं जाहीर निवेदन : दोन मार्चपासून मी मामाच्या दुकानात. बाबा म्हणाले, लोकांची पोरं खऱ्या गाड्या दुरुस्त करतात, आमचं रत्न खोट्या बिघडवतं.

मी जेवणावरून उठलो. अर्ध्या तासाने परत बसलो, पण बाबांकडे बघितलं नाही.

दोन मार्चपर्यंत सगळं बदललेलं असेल. ती हो म्हणाली की मला टायरच्या दुकानात कोण पाठवणार? आम्ही दोघं मिळून काहीतरी काढू. ती रंगवेल, मी बघेन.

१५ फेब्रुवारी

बॉडीला लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर मारला, निळा रंग मारला. एका दिवसात! किटच्या कागदावर तीन दिवस लिहिलेत. ते आळशी लोकांसाठी.

रात्री

रंग वाळला का ते बघायला टपाला बोट लावलं. वाळला नव्हता. टपावर आता माझा ठसा आहे. अगदी स्पष्ट, रेघा मोजता येतात. ताई म्हणाली, चोरीला गेली तर ओळख पटवायला बरं.

१७ फेब्रुवारी

आकड्यांचे स्टिकर किटमध्ये येतात, पाण्यात भिजवून सरकवायचे. पण किटमधला नंबर ४१. मला ३६ हवा. ४१ चे तुकडे कापून ३६ बनवता येतो का, यावर सकाळ गेली. येत नाही.

तेव्हा सुचलं. ज्या हाताने खरा आकडा रंगवला त्याच हाताने हा रंगवला तर? म्हणजे भेट तिलाच द्यायची आणि त्यात अर्धं काम तिचंच. ताई म्हणाली, वाढदिवसाला माणसाने स्वतःच केक करून आणावा तसं. पण हिला विचारलं कुणी?

१९ फेब्रुवारी

आज. काय सांगू.

पेंटरकाकांच्या दुकानात गेलो, गाडी डब्यात. ती जमिनीवर फळी टाकून बसली होती, "येथे गाडी उभी करू नये" रंगवत. चार वर्षं हेच रंगवतेय म्हणाली, "करू नये" आता झोपेतही येतं. डबा उघडला. तिने काचेकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, टपावरच्या ठशाकडे जरा जास्तच बघितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, दरवाजे मात्र गुळगुळीत केलेत.

मग तिने सगळ्यात बारीक ब्रश घेतला, त्याचेही केस कात्रीने कमी केले, आणि उजव्या दरवाजावर ३६. मग डाव्या. पांढरा आकडा, भोवती लाल कड, कडेला केसाएवढी सोनेरी रेघ. नखाएवढ्या जागेत. मी बोलत होतो, तिने हात वर केला, मी गप्प. मी! पेंटरकाका स्टुलावरून उठून बघायला आले. म्हणाले, पोरी, हा सहा माझ्याच्याने झाला नसता. ती लाजली नाही, नुसती त्या आकड्याकडे बघत बसली. मला पहिल्यांदा वाटलं की हिच्याकडे बघू नये, ही एकटी आहे आत्ता.

मग तिने सांगितलं. मोठ्या शहरात एक वर्कशॉप आहे, म्युझियमसाठी छोट्या गाड्या, आगगाड्या, इमारती बनवतात. त्यांना बारीक अक्षर काढणारं माणूस हवंय. शुक्रवारी, सत्तावीसला मुलाखत. येताना स्वतः रंगवलेला नमुना आणा असं कळवलंय, आणि सपाट फळीवरचा चालणार नाही. ही गाडी देशील का घेऊन जायला, असं तिने मला विचारलं. मला! पेंटरकाका म्हणाले की हात सुटलाय तिचा, इथे पाट्या रंगवत सडू नये.

मी म्हटलं, गाडी तुझीच आहे. हे मी उभा राहून म्हटलं.

ती म्हणाली, माझा रंग एनॅमल आहे, सावकाश वाळतो. आठवडाभर ठेवून दे. वरून काहीही मारू नकोस. हात तर लावूच नकोस.

मुलाखत वगैरे ठीक आहे. इतक्या लांब कोण जातं? मुद्दा हा की तिला माझी गाडी सोबत हवी आहे.

२० फेब्रुवारी, सकाळ

किटच्या कागदावर शेवटची पायरी : क्लिअर कोट. चकाकणारा पारदर्शक स्प्रे. रंग कायमचा टिकतो. तिचा आकडा मी असाच उघडा ठेवू? प्रवासात ओरखडा पडला तर? ती म्हणाली काही मारू नकोस, पण ते साध्या माणसाला सांगितल्यासारखं. शिवाय बोट लावून बघितलं (हलकेच), वाळलाय.

वीस मिनिटांनी

उजवा दरवाजा सुरकुतला.

स्प्रे मारला, व्हिडिओ काढायला फोन आणायला आत गेलो, बाहेर येतो तो ३६ अंग आक्रसून घेत होता. लाल कड फुगली, सोनेरी रेघ तुटली, सहाचं पोट म्हाताऱ्याच्या कोपरासारखं झालं. मी फुंकर मारली. फुंकर मारून काय होणार होतं?

डाव्या बाजूला अजून स्प्रे मारला नव्हता. हा माझा संयम.

२१ फेब्रुवारी

दुकानदाराकडे गेलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो. तो म्हणाला, ओल्या एनॅमलवर हा स्प्रे मारला की खालचा रंग उसवतो, लाल अक्षरांत लिहिलंय. मी आवाज चढवला. त्याने मला बाहेरचा रस्ता दाखवला. नेमका तोच रस्ता मला घ्यायचा होता.

२३ फेब्रुवारी

निर्णय : उजवा दरवाजा खरवडून मीच ३६ रंगवणार. तिला कळणारही नाही. आधी सराव. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या झाकणांवर सराव केला. तीन बराच जमतो. सहा गोगलगायीसारखा होतो, शिंगांसकट.

आई म्हणाली, साखर कुठल्या छत्तीसमध्ये आहे तेवढं सांग.

खरवडत नाही. निदान सुरकुत्या तरी तिच्याच हाताच्या आहेत.

२५ फेब्रुवारी

नवा निर्णय. सत्य सांगायचं, पण नीट मांडून. रेसमध्ये ३६ नंबरची उजवी बाजू भिंतीला घासली, आग लागता लागता राहिली, रंग भाजला. हे मुद्दाम केलेलं काम आहे. कौशल्याचं. दुपारभर आरशासमोर मांडलं. मला स्वतःला पटलं. ताईलाही पटवून बघितलं. ती म्हणाली, हे सगळं तू कॉलेजच्या सरांना का नाही सांगितलंस?

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती गाडी न्यायला आली. आमच्या घरी! आईने चहा केला. ताई उगाचच खोलीतून आत-बाहेर. मी डबा उघडला आणि आगीची गोष्ट सुरू केली. भिंतीपर्यंत पोचलो होतो.

ती म्हणाली, क्लिअर मारलास.

हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, हो. कधी? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी.

चिडली असती तर मला सवय आहे, मीही चिडलो असतो, मिटलं असतं. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, असा सहा माझ्या हातून परत कधी येईल माहीत नाही. दुसरं काही रंगवलं तर उद्या सकाळपर्यंत वाळणार नाही. चार वर्षांत बाहेरून मुलाखतीचा हा एकच कागद आला होता. हे सगळं ती माझ्याशी बोलत नव्हती, जिन्याशी बोलत होती.

मग माझ्याकडे बघून विचारलं, मी जाऊ नये म्हणून मुद्दाम तर नाही ना केलंस?

मी म्हटलं, छे! आईशप्पथ! आणि ते खरं होतं. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की ती जाऊ शकते.

तिने गाडी हातात घेऊन फिरवली. डावी बाजू बघितली. बराच वेळ बघितली. म्हणाली, एक बाजू तरी आहे. उठली, आईला चहा छान होता म्हणाली. उद्या डबा स्टँडपर्यंत मी आणतो म्हटलं. नाही म्हणाली नाही, तिच्या दुसऱ्या हातात बॅग असणार.

२७ फेब्रुवारी, सकाळ

बसस्टँड. गर्दी. ठरवलं होतं की आज काही बोलायचं नाही, नुसतं धीरगंभीर दिसायचं. बस लागली, ती पायरीवर चढली, मागे वळून डब्यासाठी हात पुढे केला, आणि मी सगळं बोलून टाकलं. पाय काढ म्हणालीस तेव्हापासूनचं. कंडक्टर थांबून ऐकत होता. मागचा एक माणूस म्हणाला, लवकर आटप रे, माझीही बायको आतच आहे.

ती म्हणाली, डबा सरळ धर.

मी सरळ धरला. तिने घेतला, आत गेली, बस सुटली.

नाही असं ती म्हणाली नाही. हे लिहून ठेवतो.

२ मार्च

मामाच्या दुकानात पहिला दिवस. फक्त आजच्यापुरतं. चाकं खूप मोठी आहेत. दुपारी एका गिऱ्हाइकाने विचारलं, नवीन दिसतोस. मी म्हटलं, मॉडेल मेकर आहे. तो म्हणाला, बरं, हवा भर.

जमेची बाजू : इथे चारही चाकं टेकतात. टेकली नाहीत तर मामा ओरडतो.

५ मार्च

तिचा फोन नाही. मुलाखतीचा निकाल लागायला वेळ लागतो. परतीची बस मंगळवारी असते, शनिवारी असते. दोन्ही बघून आलो. टायर आणायला त्याच रस्त्याने जावं लागतं. म्हणजे, लागेल कधीतरी.

९ मार्च

पेंटरकाका स्कूटरचं पंक्चर काढायला आले. खुशीत. तिला घेतलं. त्यांनी तिथल्या तिथे घेतलं म्हणे, ती फक्त सामान न्यायला येऊन गेली. कधी आली? रविवारी, वर्कशॉपच्या गाडीने. मी बस मंगळवारची बघत होतो.

काका म्हणाले, त्यांना तो आकडा इतका आवडला की गाडी ठेवूनच घेतली. दारातल्या काचेच्या कपाटात लावलीय. आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसते. मी विचारलं, कशी ठेवलीय? काका म्हणाले, डावी बाजू पुढे. उजवी भिंतीकडे.

पंक्चर काढून दिलं. काकांनी हवा तपासली. बरोबर होती.

घरी सांगितलं. बाबांनी पेपर खाली केला. मला वाटलं आता अर्धं वाक्य येणार. म्हणाले, म्युझियमवाल्यांनी ठेवून घेतली? मी म्हटलं, हो. म्हणाले, अरे वा. आणि पेपर परत वर. ताई म्हणाली, स्वतःच्या हाताने गाडी बनवून मुलीला गावाबाहेर पोचवणारा तू पहिलाच. मग माझ्या ताटात स्वतःचं गोड वाढलं. ताई असं वागली की मला जास्त भीती वाटते.

११ मार्च

टेबल आवरलं. बाबांना ते परत हवंय. किटच्या रिकाम्या डब्यात, प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेला एक भाग सापडला. गोल. स्टिअरिंग.

तपासलं. दुसरं नव्हतं. म्हणजे मोठ्या शहरात, काचेच्या कपाटात, येणाऱ्या प्रत्येकाला आधी जी दिसते त्या गाडीला स्टिअरिंग नाही.

कुणाला कळणार नाही. काच धुरकट आहे. खिडकीला रेसच्या गाड्यांना असते ती जाळी आहे. तरी दिवसभर टायरचा नट आवळताना तेच दिसत होतं.

१४ मार्च, दुपार

फोन आला! तिचा! दुकानात, हात काळे, कोपराने उचलला.

आवाज मजेत. तिकडे खूप काम आहे, सगळे चांगले आहेत, खोलीला खिडकी मिळालीय. मी माझं भाषण काढणार तेवढ्यात म्हणाली की एक विचारायचं होतं. इथल्या मोठ्या साहेबांनी जाळीतून टॉर्च मारून आत बघितलं. गाडीला स्टिअरिंग का नाहीये?

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरं उत्तर तयार होतं. मी शांतपणे सांगितलं की स्टॉक कारमध्ये स्टिअरिंग निघतं. ते काढल्याशिवाय ड्रायव्हरला खिडकीतून आत शिरताच येत नाही. गाडी उभी असेल आणि आत कुणी नसेल, तर स्टिअरिंग काढूनच ठेवलेलं असतं. बरोबर आहे ते.

ती खूश झाली. अरे, हे मला सुचलंच नाही, म्हणाली. तसंच सांगते त्यांना. मग हसत म्हणाली, पण काय रे, मग ड्रायव्हर कुठंय?

माझ्याकडे याला चार उत्तरं होती, चारही चांगली. त्यातलं कुठलं द्यावं ते ठरवत होतो, तेवढ्यात मामा मागून ओरडला की ट्रकवाला केव्हाचा खोळंबलाय, जॅक आण, ठोंब्या!

तिने ऐकलं. म्हणाली, हां, कळलं. ठेवते.

जॅक नेऊन दिला.